गाणारी कुलवधू

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी वडगाव मावळ येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात. मुलांचे संगोपन, घरगुती औषधोपचार, फार तर एखाद्या संतस्त्रीचे चरित्र. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि ती मी पुरेपूर घेतली आहे. आज मी नाटकात गाणाऱ्या एका बाईविषयी बोलणार आहे. काही जणींच्या भुवया उंचावतील, आणि त्या उंचावाव्यात अशीच माझी इच्छा आहे. कारण त्या भुवयांविषयीही मला थोडे बोलावयाचे आहे.

हा विषय सुचला त्याचे निमित्त लहानसे आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीने मला मोबाईलवर ज्यूली अँड्र्यूज या इंग्रज गायिका-नटीचे गाणे ऐकविले. ‘साउंड ऑफ म्युझिक’ हा १९६५ सालचा बोलपट तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिला असेल. त्यातल्या मुलांना सूर शिकविणाऱ्या त्याच बाई. अवघ्या बाराव्या वर्षी, १९४७ साली, त्या लंडनच्या रंगमंचावर गायल्या. आई पियानो वाजवी, सावत्र वडील गात. पुढे १९५६ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९५८ मध्ये लंडनला ‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकातील फुलवाली करून त्यांनी मोठे नाव मिळविले. त्या मुलीने मला विचारले, “काकू, आपल्याकडे अशी कोणी होती का हो, नाटकात काम करणारी आणि गाणारीही?” मी म्हटले, अगं, होती म्हणजे काय! पण तिच्या वाटेत जे आडवे आले ते ज्यूलीबाईंच्या वाटेत नव्हते. इंग्लंडात १६६० च्या सुमारास बायका रंगभूमीवर आल्या. म्हणजे शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात होते त्या वर्षी तिकडे हा प्रश्न सुटला होता. आपल्याकडे तो सुटावयास आणखी पावणेतीनशे वर्षे लागली.

आपले संगीत नाटक सुरू झाले ते पुण्यात, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने. पदे दोनशेच्या घरात. आणि शकुंतला, अनसूया, प्रियंवदा, सगळ्या पुरुष! पुढे पन्नास वर्षे मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक नायिका अशाच होत्या. त्यांत बालगंधर्व हा तर चमत्कारच. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. जन्म १८८८ चा. ‘मानापमान’मधील भामिनी, ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’तील सिंधू यांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्यासारखी नऊवारी नेसावी, त्यांच्यासारखा शेला घ्यावा, तसे गजरे माळावेत, असे आपल्या आज्या-पणज्यांना वाटे. माझ्या मनात नेहमी येते, काय गंमत आहे पाहा! बाईने बाईसारखे कसे दिसावे हे महाराष्ट्रातल्या बायकांनी एका पुरुषाकडून शिकून घेतले. बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या थोरवीच्या छायेत खऱ्याखुऱ्या बाईचा आवाज रंगभूमीवर ऐकावयास मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

बायका मुळीच नव्हत्या असे मात्र नव्हे. कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत या दोघी १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात उतरल्या. नाटकांतूनही कमलाबाईंनी उमेदीने कामे केली. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली आपल्या भावंडांना घेऊन नाटकमंडळीच काढली. पुरुषांची कामे पुरुषांनी आणि बायकांची बायकांनी करावयाची, हा तिचा बाणा. हिराबाईंचे गाणे काय होते ते मी पामराने सांगावयास नको. तिकीट लावून, सभ्य स्त्री-पुरुषांच्या समोर, अंगभर पदर घेऊन बैठकीत गाण्याची प्रथा बायकांसाठी त्यांनी रूढ केली. परंतु नाटकमंडळी चालविणे हा हत्ती पोसण्याचा धंदा. कर्ज झाले, आणि थोड्याच वर्षांत मंडळीचा पडदा पडला. तरी हिराबाईंची तयारी मोठी, त्यांच्या मागे सारे गाणारे घराणे. एखाद्या संसारी बाईने, कोणाची तरी सून आणि कोणाची तरी पत्नी म्हणून राहून, हे करावे की काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याला उत्तर मिळाले ते ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या रूपाने. आजचे माझे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

ज्योत्स्नाबाई माहेरच्या दुर्गा केळेकर. जन्म ११ मे १९१४, गोव्यात फोंडा महालातील बांदिवडे या गावी. ज्या भगिनी गोव्याच्या सहलीला जाऊन आल्या आहेत त्यांनी बांदिवड्याची महालक्ष्मी आणि तिथून जवळचा नागेशी पाहिला असेल. त्या मुलखात देवळाच्या घंटेबरोबरच गाणे कानांवर पडते. कीर्तन, पालखीपुढचे गायन, उत्सवातील नाटके, यांतून पिढ्यान्‌पिढ्या सूर जपला गेला. पण तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि गाण्याचे पुढचे शिक्षण घ्यावयाचे तर मुंबई गाठणे भाग होते. दुर्गाही लहानपणीच मुंबईस आली. बहीण गिरिजाबाई केळेकर यादेखील नावाजलेल्या गायिका. दुर्गेला आग्रा घराण्याच्या खादिम हुसेन खाँसाहेबांची तालीम मिळाली. आग्र्याचे गाणे म्हणजे खुला, भरदार आवाज, लयीशी खेळणारी बोलतान, शब्दाला दिलेले वजन. नाटकात काम करणाराला ही शिदोरी फार उपयोगी पडते. त्या काळी रंगमंचावर ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या चार आणेवाल्यालाही शब्द न् शब्द कळला पाहिजे, तोही किंचाळल्याशिवाय. आज आपण गळ्याशी माईक लावून गातो आणि तरी म्हणतो, आवाज पोचला नाही.

सन १९३२ मध्ये दुर्गाचा विवाह केशवराव भोळे यांच्याशी झाला. त्या वेळी ती अठरा वर्षांची आणि केशवराव छत्तिशीला टेकलेले. हे गृहस्थ मूळचे अमरावतीचे. डॉक्टर व्हावयाचे म्हणून शिकू लागले आणि गाण्याच्या नादाने ते शिक्षण सोडून बसले. एकलव्य आणि शुद्धसारंग या टोपणनावांनी त्यांनी गवयांवर जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. कोणाची भीड नाही आणि कोणाविषयी आकसही नाही. केशवरावांचे म्हणणे असे की, पद म्हणजे तानांना टांगण्याची खुंटी नव्हे. शब्दांत जो भाव आहे तो स्वराने उचलून धरला पाहिजे, आणि काम झाले की गाण्याने थांबले पाहिजे. अशा माणसाच्या घरात ज्योत्स्नाबाई आल्या. नवऱ्यानेच घडविली, असे अशा वेळी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती आवडत नाही. तालीम घेतलेला गळा त्या माहेराहून घेऊन आल्या होत्या. केशवरावांचे मोठेपण हे की, त्यांनी तो गळा स्वयंपाकघरात कोंडला नाही, आणि त्याला कोणते गाणे शोभेल ते ओळखले.

केशवरावांविषयी आपल्या जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट सांगते. ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट, पुढे १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचा गौरव झाला, त्याचे संगीत केशवरावांचे. त्या बोलपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद लोकांना इतके पटले की, ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणू लागले. आपल्या भजनी मंडळातही मी ते तसेच ऐकले आहे. देहू आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथेही ते म्हटले जाते. तुकोबा काही रागावणार नाहीत. पण आठवले आणि भोळे यांचे नाव घेण्यास काय हरकत आहे?

आता १९३३ कडे वळू. सालाकडे नीट लक्ष द्या. दोन वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, ‘आलम आरा’ आला आणि बोलपट बोलू-गाऊ लागला. नाटकगृहे एकामागून एक चित्रपटगृहे होऊ लागली. चार आण्यांत गाणे, नाच, राजवाडा आणि समुद्रही दिसतो म्हटल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकाला कोण जाणार? अशा पडत्या काळात मुंबईत काही शिकलेल्या तरुणांनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. के. नारायण काळे, अनंत काणेकर, श्री. वि. वर्तक, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, केशवराव भोळे ही त्यांतली मंडळी. यांचे पहिले नाटक ‘आंधळ्यांची शाळा’. प्रयोग १ जुलै १९३३ रोजी मुंबईस झाला. नॉर्वेतील ब्यर्नसन या लेखकाच्या नाटकावरून वर्तकांनी ते रचले होते.

मूळ नाटकाचा विषय आपल्या मंडळात अगदी शोभेल असा आहे. एका मुलीचे लग्न ठरते. वाग्दत्त वराचे पूर्वीचे प्रकरण तिला कळते, आणि ती विचारते की, लग्नापूर्वीच्या चारित्र्याची जी अट तुम्ही मला घालता ती त्याला का नाही? घरचे समजूत घालतात, पुरुषांचे असे चालावयाचेच म्हणतात. ती ऐकत नाही आणि हातमोजा काढून त्याच्या तोंडावर मारते. हे १८८३ सालचे नाटक. पन्नास वर्षांनी ते मराठीत आले, आणि आणखी नव्वद वर्षांनी लग्नाच्या बैठकीत तो प्रश्न आपण मुलाला विचारतो का, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे.

या नाटकात बायकांची कामे बायकांनी केली. ज्योत्स्नाबाईंची भूमिका बिंबाची. वर्तकांच्या घरातल्या पद्माबाईही त्यात होत्या. म्हणजे ज्यांना प्रतिष्ठित म्हणतात अशा घरांतील स्त्रिया नवऱ्यासह, नवऱ्याच्या देखत, नवऱ्याच्या नावाने रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामती झाल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. वारे फिरू लागले होते. तरी बोलपटातली नटी पडद्यावर असते, आणि नाटकातली नटी प्रेक्षकांच्या समोर, दहा हातांवर, हाडामांसाची उभी असते. शिटी मारणाराची शिटी तिला ऐकू येते. धैर्य लागते ते इथे.

गाण्याचाही एक पेच होता. तो गाणाऱ्या भगिनींना लगेच कळेल. नायक पुरुष आणि नायिकाही पुरुष असली की दोघांची पट्टी साधारण जवळची; ऑर्गनवाल्याला फारसा त्रास नाही. खरी बाई आली की तिचा षड्ज कुठल्या कुठे वर जातो. पुरुषाच्या पट्टीत ती गायली तर आवाज घशात बसतो, आणि तिच्या पट्टीत तो गायला तर त्याच्या शिरा ताणतात. आपल्या गणेशोत्सवात नवरा-बायकोने जोडगीत म्हटले की काय होते ते आपण दरवर्षी ऐकतोच! बाई आली तेव्हा साहजिकच चालींचाही विचार नव्याने करावा लागला. ‘आंधळ्यांची शाळा’त पदे मोजकीच, काणेकरांसारख्या कवीची, आणि चाली केशवरावांच्या. त्या चाली भावगीताच्या वळणाच्या होत्या. पात्राच्या मनात जे चालले आहे तेच गाण्यात यावयाचे. मध्येच कथा थांबवून अर्धा तास राग विस्तारावयाचा नाही. ज्योत्स्नाबाई ख्यालाची तालीम घेतलेल्या. त्यांना लांबवता आले नसते असे मुळीच नाही. आवरून गाणे त्यांनी पत्करले, आणि ते लांबविण्यापेक्षा अवघड असते. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात मुखडा, अंतरा, एखादी नेमकी हरकत आणि शब्दाचा अर्थ, सारे काही बसवावयाचे. तबकड्यांमुळे आणि नभोवाणीमुळे त्यांचा आवाज, ज्या बायकांना नाटकाला जाण्याची परवानगी नव्हती, त्यांच्याही घरात शिरला.

पुढे केशवराव पुण्यास ‘प्रभात’मध्ये होते, आणि नव्या नाटकांचे केंद्र मुंबईत. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग आपल्या वडगाववरून जातो. कामशेत, मळवली, लोणावळा, मग खंडाळ्याचा घाट. हा रस्ता त्या काळच्या नटनट्यांना, गवयांना, साथीदारांना तोंडपाठ होता. रात्रीचा प्रयोग, पहाटेची गाडी, आणि घरी पोचल्यावर पुन्हा संसार. आपल्या इथून रोज पुण्याला नोकरीला जाणाऱ्या मुली लोकलमध्ये भाजी निवडतात, तेव्हा मला या बायकांची आठवण येते. वडगाव म्हटले की इतिहासाच्या पुस्तकात १७७९ ची लढाई येते, महादजी शिंदे येतात, इंग्रजांनी केलेला तह येतो. त्यात एकाही बाईचे नाव नाही. ते असो.

ज्योत्स्नाबाईंचे नाव ज्या भूमिकेशी कायमचे जोडले गेले ती ‘कुलवधू’तील भानुमती. मोतीराम गजानन रांगणेकर या पत्रकार-नाटककाराने ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था काढली होती. तिचे ‘आशीर्वाद’ हे नाटक १९४१ चे, आणि १९४२ मध्ये ‘कुलवधू’ आले. दुसरे महायुद्ध चालू, गावात चलेजावची धामधूम, आणि नाटकधंद्याची दशा तर विचारूच नका. रांगणेकरांनी नाटक आटोपशीर केले. राजेरजवाडे नाहीत, पौराणिक देवादिक नाहीत. मध्यमवर्गाचे घर, घरातल्यासारखे बोलणे, आणि मोजकी गाणी. संगीत मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचे. हे आपल्या आळंदीचे, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व मंडळीत वाढलेले. म्हणजे बालगंधर्वांच्या परंपरेतलाच माणूस आता एका गृहिणीसाठी चाली बांधीत होता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

‘कुलवधू’चा प्रश्न काय? भानुमती ही नटी आहे, कमावती आहे, तिला कीर्ती मिळते. आणि तिच्या नवऱ्याचे, देवदत्ताचे, मन त्या कीर्तीने आतून पोखरले जाते. तो वाईट माणूस नाही. हीच खरी खोच. वाईट नवरा असता तर नाटक सोपे झाले असते, प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि घरी जाऊन झोपी गेले असते. पण बायकोचे नाव आपल्यापेक्षा मोठे झाले, लोक आपल्याला तिचा नवरा म्हणून ओळखू लागले, की भल्या माणसालाही ते सोसत नाही. इब्सेनची नोरा या नाटकामागे उभी आहे असे जाणकार म्हणत आले आहेत. परंतु नोरा परकी होती. भानुमती आपली, कुंकू लावणारी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी. नावच पाहा ना, ‘कुलवधू’. नटी ही कुलवधू असू शकते काय, हा प्रश्न त्या एका शब्दात लेखकाने गुंडाळून ठेवला आहे.

आणि हे काम करीत होती कोण? जी स्वतः नटी होती, स्वतः कोणाची तरी पत्नी होती आणि घर सांभाळीत होती. प्रेक्षकांना हे माहीत होते. त्यांच्या समोर भानुमती बोलत होती आणि तिच्या मागे ज्योत्स्ना भोळे उभी होती. दोघींचे प्रश्न सारखे. उत्तरे मात्र निराळी. भानुमतीच्या घरात जे बिनसले ते ज्योत्स्नाबाईंच्या घरात बिनसले नाही. केशवराव स्वतः नामांकित असल्यामुळे त्यांना ते जड गेले नाही, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पुष्कळ नामांकित पुरुषांना ते जड जाते, हे आपण जाणतो.

भानुमतीचे काम बालगंधर्वांनी केले असते तर? ही कल्पना मी मनात करून पाहते. गाणे अलौकिक झाले असते यात संशय नाही. पण स्वतः मिळविलेला पैसा नवऱ्याच्या हाती देताना बाईच्या डोळ्यांत जे येते, थोडा अभिमान, थोडी भीती, ते त्यांना कुठून आणता आले असते? ते पाहण्यासाठी प्रेक्षकांना बाईच हवी होती. म्हणूनच ‘कुलवधू’ला घरंदाज बायका येत, एकदा येऊन पुन्हा येत. मुळात त्या नाटकाची गाणी माजघरात जाऊन बसली. त्यातले गोड बोलण्याविषयीचे ते भैरवीतले पद कोणाला ठाऊक नाही? बारशाला म्हणतात, डोहाळजेवणाला म्हणतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणतात. ते रंगभूमीवरून आले आहे, आणि एका नटीच्या तोंडचे आहे, हे म्हणणारणींच्या गावीही नसते. ज्या घरांत नटीला उंबऱ्याबाहेर उभे करीत त्या घरांत नटीचे गाणे शुभ म्हणून गाइले जाऊ लागले.

आता थोडे आपल्याविषयी. मी मुद्दाम बोलत आहे, कोणी राग मानू नये. या वर्धापनदिनासाठी आपण ‘कुलवधू’तला एक प्रवेश बसवावयाचे ठरविले होते. वाचन झाले, कामे वाटली. भानुमतीच्या कामासाठी जी सून निवडली होती तिचा आवाज असा की, पहिल्या वाचनाला सगळ्या जणी गप्प झाल्या. आठ दिवसांनी तिचा निरोप आला, “घरून नको म्हणतात.” दुसऱ्या एकीचेही तेच. भजनात गायलेले चालते, मंगळागौरीत नाचलेले चालते, शाळेच्या संमेलनात मुलीने काम केलेले तर फोटो काढून सर्वांना पाठवितात. लग्न झालेल्या बाईने मात्र चार परक्या माणसांसमोर दुसऱ्या कोणाचीतरी बायको म्हणून दहा मिनिटे बोलावयाचे नाही. कारण विचारले तर कोणी स्पष्ट सांगत नाही. “बरे दिसत नाही,” एवढेच. मी त्या घरांना नावे ठेवीत नाही. माणसे चांगली आहेत, मंडळाला वर्गणी देतात, अडीअडचणीला धावून येतात. देवदत्तही चांगलाच होता. प्रवेश आपण रद्द केला, आणि त्याच्या जागी माझे हे भाषण ठेवले गेले, ही खरी हकीकत आहे. त्या सुनेच्या आवाजाची भरपाई माझ्या बोलण्याने होणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. ती आज इथे बसलेली आहे. शेजारी तिच्या सासूबाईही आहेत. त्या आल्या याचा मला आनंद वाटतो.

ज्योत्स्नाबाईंची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगते. ‘नाट्यनिकेतन’च्या आणखी नाटकांतून त्यांनी भूमिका केल्या. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’तही त्या होत्या. शब्द स्वच्छ, आवाजात गोडवा, पण लाडिकपणा नाही. ही त्यांच्या गाण्याची ओळख शेवटपर्यंत टिकली. भावगीतांच्या मैफली त्यांनी केल्या. ‘आराधना’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. लोकांनी लिहिलेल्या बायका वर्षानुवर्षे उभ्या केल्यावर एखादी आपण लिहून पाहावी असे त्यांना वाटले असेल. आठवणींचे पुस्तकही लिहिले. त्याचे नाव ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’. पत्राखाली सही करावी तसे हे नाव. वाचकाशी इतक्या घरोब्याने बोलण्याचा अधिकार त्यांनी मिळविला होता. केशवराव १९६७ साली निवर्तले. त्याच वर्षी बालगंधर्वही गेले. एका वर्षात किती काही संपले! आणि त्याच वर्षाच्या शेवटी ‘कट्यार काळजात घुसली’ आले, आणि संगीत नाटकाने पुन्हा श्वास घेतला. ज्योत्स्नाबाई त्यानंतरही तेहतीस-चौतीस वर्षे होत्या. ५ ऑगस्ट २००१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुण्यात टिळक रस्त्यावर हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह झाले. नाटकगृहाला बाईचे नाव मिळणे ही आपल्याकडे सहज घडणारी गोष्ट नाही.

त्यांच्या मागून येणाऱ्यांना वाट सोपी झाली असे म्हणण्याचे मात्र माझे धाडस होत नाही. जयमालाबाई शिलेदार यांचे उदाहरण घ्या. इंदुरात १९२६ साली जन्मलेल्या या बाई तरुणपणीच बालगंधर्वांच्या मंडळीत आल्या, आणि पती जयराम शिलेदार यांच्यासह ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था त्यांनी चालविली. ती १९४९ मध्ये निघाली. गावोगाव ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’ घेऊन जावयाचे, मुलींना बरोबर न्यावयाचे, त्यांना तिथेच शिकवावयाचे. त्यांतली कीर्ती लहानपणीच रंगभूमीवर आली आणि पुढे २०१८ मध्ये नाट्यसंमेलनाची अध्यक्ष झाली. जयमालाबाईंना ‘पद्मश्री’ मिळाली ती २०१३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी. शहाऐंशी वर्षांची बाई होईपर्यंत सरकारला सवड झाली नव्हती.

त्या महाविद्यालयातल्या मुलीला मी हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग आम्हाला हे शाळेत का नाही शिकवीत?” याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तिने मात्र त्याच रात्री ‘कुलवधू’ची गाणी शोधून ऐकली. जुन्या तबकडीची खरखर आहे, साथीला ऑर्गन आहे, आणि मध्येच तो आवाज येतो. तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले, “काकू, त्या गात नाहीत, बोलतात.” केशवराव असते तर खूश झाले असते.

माझा वेळ संपला असे चिटणीसबाई घड्याळ दाखवून सांगत आहेत. कार्यक्रमपत्रिकेत यानंतर आभार आणि अल्पोपाहार आहे. त्याआधी एक बदल करावयाचा आहे. भाषण सुरू होण्यापूर्वी त्या सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, नाटकाचे राहू दे, पण पद म्हणावयास हरकत नाही. पेटीची साथ मी करते, मी माहेरी शिकले होते. इतक्या वर्षांत त्या पेटी वाजवितात हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. भैरवी शेवटीच म्हणतात, म्हणून मी आधी बोलून घेतले. पेटी आतल्या खोलीत आहे. कोणीतरी दोघी जणी उचलून आणा पाहू.